हास्यक्लबात नेमकं कोणी जायचं?

महोदय,

कालच्या पुरवणीतला ज्येष्ठांच्या नैराश्यावरचा लेख वाचला. बागेत फिरा, हास्यक्लबात जा, नवा छंद लावून घ्या. सोबत बाकावर बसलेल्या गोऱ्यापान परदेशी आजी-आजोबांचा फोटो. लेखिकेचा अभ्यास असेल, शंका नाही; पण नरखेड तालुक्यातल्या माझ्या मामांनी यातलं नेमकं काय करायचं?

मामी गेल्या आणि मामांनी खाट धरली. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ किती झाली, हेही विचारेनात. व्यापारी संत्र्याचा बगीचा पाहायला आला तरी उठले नाहीत. तक्रार एकच, 'पोटात आग होते, झोप लागत नाही.' गावच्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग सलाइन, मग ताकदीचं इंजेक्शन. 'वय झालं, चालायचंच' हे वाक्य मात्र दर वेळी फुकट. नागपूरला दाखवू म्हटलं, तर मामा म्हणाले, 'मले पागलखान्यात टाकतं काय रे?' शेवटी पोटाचा डॉक्टर आहे असं सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे गेले, पण आला. एक दिवस मामा आपणहून वावरात गेले आणि गड्यावर ओरडले. घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला! त्या गोळ्या गावात मिळत नाहीत, इथून पाठवाव्या लागतात.

२०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झालेले जेमतेम ०.८ टक्के. खेड्यात प्रमाण शहरापेक्षा जास्त. म्हणजे दहातले नऊ मामा अजून कुठेतरी सलाइनच लावून घेत असतील. हास्यक्लब त्यांच्या खाटेशी भरवायचा का?

लेखाखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिलात, आभार. मामांना कमी ऐकू येतं आणि घरातला मोबाइल नातवाच्या हातून सुटत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, तशा या नैराश्यावरच्या गोळ्या का मिळू नयेत, एवढं आपल्या वार्ताहराने जिल्हा परिषदेत जाऊन विचारावं आणि उत्तर छापावं. छंदांची यादी पुढच्या रविवारी छापली तरी चालेल.

आणि हो, ज्येष्ठांसाठीचा मजकूर इतक्या बारीक अक्षरांत, तोही करड्या चौकटीत का छापता? मला भिंग घ्यावं लागलं. शेजारची फ्लॅटची जाहिरात मात्र चष्म्याशिवाय वाचता आली.

आपला,
एक जुना वाचक, मानेवाडा, नागपूर