टेनर पेटीबाहेर काढ

हेझलमिअर, सरे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "यॉर्कच्या गटांत सगळे चांगलंच वाजवत असतील, मी कुठे मध्येच जाऊ?" तुझा टेनर रेकॉर्डर, ती उभी लाकडी बासरी, अजून पेटीतच आहे, हेही त्याच दमात सांगितलंस. तुला ऑफिसची घाई होती म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण ते मनात राहिलं, म्हणून हे पत्र.

तू राहायला गेली आहेस ते गाव या जुन्या युरोपीय संगीतासाठी, अर्ली म्युझिकसाठी, भाग्याचं आहे. वॉल्मगेटवर सेंट मार्गारेटचं जुनं चर्च आहे, त्यात २००० सालापासून नॅशनल सेंटर फॉर अर्ली म्युझिक आहे. दर जुलैत तिथला महोत्सव भरतो, तो १९७७ पासून चालत आलेला. डिसेंबरात नाताळचा वेगळा असतो. मैफली ऐकायला तू जाशीलच, त्याची मला काळजी नाही. फक्त पुढच्या रांगेत बस. आतड्याच्या तारांच्या, गजाने वाजवायच्या व्हायलचा आणि छेडून वाजवायच्या ल्यूटचा आवाज मुळात लहान, मागच्या बाकांवर तो निम्मासुद्धा पोचत नाही. मी लिहिते आहे ते वाजवायला जाण्याबद्दल.

उत्तम वाजवणाऱ्यांनीच चारचौघांत वाजवावं, ही समजूत या संगीताला लागू होत नाही. यातलं कितीतरी लिहिलंच गेलं घरी बसून हौसेने वाजवणाऱ्यांसाठी. अँथनी होलबोर्न या इंग्लिश संगीतकाराने १५९९ मध्ये पाच भागांच्या, म्हणजे पाच जणांनी पाच वेगळ्या ओळी एकदम वाजवायच्या, ६५ रचना छापल्या, त्या व्हायलवर, व्हायोलिनवर किंवा फुंकून वाजवायच्या वाद्यांवर, ज्याच्याकडे जे असेल त्यावर वाजवा म्हणून. सॅम्युअल पीप्स तर नौदलाच्या कचेरीतला अधिकारी. १६६८ च्या फेब्रुवारीत त्याने एका नाटकात फुंकवाद्यांचं संगीत ऐकलं आणि तो इतका भारावला, की हे आपण शिकायचं आणि बायकोलाही शिकायला लावायचं असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. एप्रिलमध्ये जाऊन रेकॉर्डर विकत आणला. दिवसभर फायली आणि संध्याकाळी वाद्य. तुझ्यासारखाच नोकरदार माणूस होता तो.

हे वाद्य एकदा विसरलं गेलं होतं, हे तुला माहीत आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली, त्यात ७६ रेकॉर्डर होते. अठराव्या शतकात मोठे वाद्यवृंद आले, मोठा आवाज हवा झाला, आडवी फ्लूट पुढे आली आणि रेकॉर्डर मागे पडत पडत कपाटात गेला. तो बाहेर काढण्यात आपल्या या गावाचा मोठा हात आहे. जुनी वाद्यं वाजवणारे आणि बनवणारे आर्नल्ड डॉल्मेच १९१७ मध्ये इथे राहायला आले. त्यांच्याकडे लंडनच्या ब्रेसाँने अठराव्या शतकात बनवलेला रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये वॉटर्लू स्टेशनवर त्यांच्या सात वर्षांच्या मुलाकडून, कार्लकडून, त्याची पिशवी फलाटावर राहिली आणि तो रेकॉर्डर हरवला. डॉल्मेच यांनी घेतलेली मापं होती, त्यावरून त्यांनी स्वतः नवा रेकॉर्डर बनवला. १९२५ मध्ये हेझलमिअरचा महोत्सव सुरू केला. पुढे त्याच कार्लने आणि एडगर हंट यांनी १९३७ मध्ये सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेअर्स ही वाजवणाऱ्यांची संस्था उभी केली. प्लॅस्टिकचे रेकॉर्डर निघाले आणि हे वाद्य शाळाशाळांत गेलं. तुझ्या हातात पहिल्यांदा आलं ते तिथूनच.

मी मिरजेची, त्यामुळे हे ऐकलं तेव्हाच मला हे गाव आपलं वाटलं होतं. सतारमेकरांच्या दुकानांवरून जाता-येता भोपळे, तारा, अर्धवट झालेले तंबोरे बघत मी वाढले. वाद्य बनवणारी माणसं ज्या गावात असतात, तिथे ऐकणारेही निराळे होतात. लाकडाची चौकशी करतात, जवारी काढून घ्यायला माणूस शोधत येतात. इथल्या चर्चच्या हॉलमध्ये पहिल्यांदा लोक आपापल्या रेकॉर्डरचं तोंड बगलेत धरून गरम करताना पाहिले, तेव्हा मला ते कळलं. थंड वाद्यात श्वासाचं पाणी होतं आणि आवाज घुसमटतो, म्हणून. तूही तसंच करत जा, तुमच्याकडची थंडी जास्त.

आता मुख्य सांगते. आपल्याकडे मी शिकले ते एकट्याने गायचं गाणं. गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन बसायचं, पण गाणं त्यांचं. इथे कन्सॉर्टमध्ये, म्हणजे छोट्या वाद्यगटात, चार-पाच जण, प्रत्येकाचा पार्ट वेगळा आणि कोणाचाच पार्ट नुसती साथ नाही. टेनरमध्ये आलेली ओळ दोन बार (तालाचे खंड) आधी डेस्कंटने, सगळ्यात वरच्या रेकॉर्डरने, म्हटलेली असते, सगळ्यात खालचा बास ती पुन्हा उचलतो. मधला पार्ट वाजवणाऱ्याला वरचं आणि खालचं दोन्ही ऐकू येतं. श्रोत्यांना ते तसं कधीच ऐकू येत नाही.

आणि शेवटचा सूर. या रचना बऱ्याचदा मेजर स्वरसंघातावर, म्हणजे सा, शुद्ध ग आणि प एकदम वाजतात तिथे, थांबतात आणि त्यातला गंधार कोणातरी एकाकडे असतो. पियानोवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तेवढा चढा वाजवला तर सगळ्यांनी बरोबर वाजवूनही कानाला काहीतरी टोचत राहतं. ज्याच्याकडे गंधार आहे त्याने फुंक किंचित हलकी करायची, सूर जरासा उतरतो, आणि एकदम सगळे जण एका जागी येतात. वरचे दोन रेकॉर्डर नीट जुळले की कोणीच न वाजवलेला खालचा सूर कानात घुमायला लागतो. तुला तंबोऱ्यापाशी बसवून खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ऐकवला होता ना, तोच हा गंधार. तो तुझ्या कानात आहे. तुझी बोटं अडखळत असतील, गॅलिअर्डसारख्या जलद नाचाच्या रचनेत तू चार सूर गाळशील, पण असा कान असलेलं माणूस कुठल्याही गटाला हवंच असतं. बोटं सवयीने सुधारतात.

तुला एक रचना मुद्दाम सांगायची आहे. इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेलने १६८० च्या सुमारास, विशीत असताना, पाच भागांची एक फँटेझिया, म्हणजे मुक्त बांधणीची रचना, लिहिली. तिच्यात एका पार्टला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर आहे, पियानोच्या मधोमध येतो तो मधला सी. बाकीचे चौघे त्याच्याभोवती फिरतात, वेगाने जातात, दुःखात शिरतात, परत येतात, आणि हा सूर जागचा हलत नाही. तो हलला तर बाकी सगळं कोसळेल. हा सी तुझ्या टेनरचा सगळ्यात खालचा सूर, सगळी भोकं बंद करून येणारा. सोपा नाही. जोरात फुंकलं की वर उडी मारतो, फार हलकं फुंकलं की विरतो.

तेव्हा गट शोध. सोसायटीच्या शाखा देशभर आहेत, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा शनिवारी किंवा रविवारी दुपारी जमतात. एक जण समोर उभं राहून हाताने ताल देतो, एका पार्टवर तीन-चार जण असतात, त्यामुळे चुकलेलं झाकलं जातं. सुरुवात तिथेच कर. नॉर्थ ईस्ट अर्ली म्युझिक फोरमच्या दिवसभराच्या कार्यशाळा असतात, त्यात गाणारेही असतात. रुळलीस की चार-पाच जणांचा छोटा गट बघ, खरी गोडी त्यात आहे. भजनी मंडळात जसं कोणी तुझा आवाज तपासून आत घेत नाही, तसंच इथे. मात्र एक बघून घे: वरचा पार्ट दर वेळी एकाच माणसाकडे जातो का? जात असेल तर तिथे फार दिवस राहू नकोस. पार्ट फिरते असलेले गट चांगले. आमच्याकडे मी बास वाजवते, पण अधूनमधून वरचा ट्रेबलही माझ्याकडे येतो.

तिथे बहुतेक लोक माझ्या वयाचे किंवा त्याहून मोठे असतील. त्याने बिचकू नकोस. त्यातल्या कित्येकांनी निवृत्त झाल्यावर सुरुवात केलेली असते, आणि तरुण कोणी आलं की त्यांना किती बरं वाटतं ते मी बघते. हे गट टिकायचे तर तुझ्या वयाची माणसं यायला हवीत. चहाच्या वेळी त्यांच्याशी बोल. जुन्या प्रती कुठे मिळतात, कोणाचा वापरलेला बास विकायचा आहे, हे सगळं तिथेच कळतं. स्वरलिपी विकत घ्यायची घाई करू नकोस, होलबोर्न आणि त्याच्याआधीचा सुसाटो यांच्या रचना आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

टेनर इतके महिने बंद आहे, तर लाकूड कोरडं झालं असेल. आतून बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात दे, फुंकायच्या खाचेत तेल जाऊ देऊ नकोस, रात्रभर ठेवून पुसून घे. मग आठवडाभर रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजव, एकदम तासभर नको, नाहीतर तडकेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये आम्ही पर्सेलची तीच फँटेझिया वाजवणार आहोत. सगळ्यात खालचा पार्ट व्हायलवर आहे. तो सी रेकॉर्डरवर धरायचा तर दोघी लागतात, एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीने उचलायचा. एक मी आहे. बाबा तुला शनिवारी दुपारी स्टेशनवर घ्यायला येतील, गाडीची वेळ त्यांना कळव. आणि पार्टची प्रत या पत्रासोबत आहे, श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणावल्या आहेत. तुला पटत नसतील त्या बदल.

तुझी,
आई