चि. चिऊस, बेळगावहून

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

पहाटे पावणेतीनला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी कामावर निघताना पाहिला. 'बाबा, मला हे जमणार नाही, मी परत येते.' फोन करणार होतो, पण फोनवर आपल्या दोघांचं बोलणं लगेच भांडणावर जातं, म्हणून लिहायला बसलो. परत यायचं असेल तर ये, घर तुझंच आहे. पण पावणेतीनला घेतलेला निर्णय मी निर्णय धरत नाही. जागरणावर एक अक्षर लिहू नका, असं आईनं बजावलंय, तेव्हा तो विषय सोडतो.

तुझ्या जावास्क्रिप्टच्या वर्गातली बाकीची पोरं इंजिनिअरिंग करून आलीत आणि तू केमिस्ट्रीवाली, म्हणून तुला कमीपणा वाटतो. वेबपानं हलतीबोलती करणारी ही भाषा शिकायला मागची पदवी कोण विचारतंय? ब्राउझर उघडायचा, एफ१२ दाबायचं, कन्सोलमध्ये एक ओळ लिहायची, लगेच उत्तर. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मीसुद्धा करून बघतो आता. एमडीएन या वेबसाइटवर सगळं फुकट वाचायला मिळतं, ते तूच मला दाखवलंस.

दिवाळीत आईच्या भिशीसाठी पान केलं होतंस ते आठव. ५०० आणि २०० टाकल्यावर बेरीज आली ५००२००. आई म्हणाली, "बाई गं, भिशी पाच लाखाची झाली की!" आणि तू रडकुंडीला आलीस. चौकटीत टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणून येतं, आणि मजकुराला अधिकचं चिन्ह लावलं की दोन्ही नुसते एकापुढे एक चिकटतात. आधी 'नंबर' वापरून आकडा करून घ्यावा लागतो. वजाबाकी केली असतीस तर ३०० बरोबर आले असते, कारण तिथं ती भाषा आपणहून मजकुराचा आकडा करते. हे वाचून कितीही पाठ केलंस तरी निसटतं. पाच लाखांची भिशी एकदा डोळ्यांनी बघितली की सुटत नाही.

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये असताना १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तेव्हाच्या काही खोडी आजही तशाच आहेत, कारण त्या काढल्या तर जुनी वेबपानं मोडतील. नल म्हणजे 'काहीच नाही', पण त्याचा प्रकार विचार, आजही 'ऑब्जेक्ट' असंच उत्तर येतं. तेव्हा विचित्र उत्तर आलं की लगेच स्वतःला मठ्ठ म्हणू नकोस. आणि भाषा दहा दिवसांत झाली म्हणून ती दहा दिवसांत शिकायची, तेही रात्री जागून, असं कुणी सांगितलेलं नाही. आप्पाकाकाचं सुरुवातीला असंच झालं होतं. एवढंच म्हणतो.

उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये नवा प्रोग्रॅम मशीनवर चढवला की आम्ही तो एकदम सोडत नाही. सिंगल ब्लॉक लावतो. बटण दाबलं की एकच ओळ चालते, टूल थांबतं, पडद्यावर एक्स-झेड, म्हणजे टूल कुठं आहे ते बघायचं, मग पुढची ओळ. तुझ्या ब्राउझरमध्ये हेच आहे. सोर्सेसमध्ये ओळीच्या आकड्यावर क्लिक करून ब्रेकपॉइंट लाव, पान पुन्हा लोड कर आणि एकेक ओळ पुढे जात प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघ. बटण दाबण्याआधी कागदावर लिही, आता काय येईल. तुझा अंदाज जिथं चुकेल तिथं तुझा धडा आहे. लाल अक्षरातली एरर पुसू नकोस, तिची पहिली ओळ आणि ओळीचा नंबर मोठ्यानं वाच. एआयकडून आणून चिकटवलेलं चालतं, पण हाताला काही येत नाही. विचारायचंच तर इशारा माग, मग खिडकी बंद करून स्वतः टाइप कर. रिअ‍ॅक्टची, म्हणजे पानं बनवायच्या त्या तयार साधनाची, घाई नको. फंक्शन, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, इव्हेंट एवढं आधी हातात बसू दे.

व्याख्यान झालं. राग मानू नकोस.

प्रॉमिसवर, म्हणजे ज्याचं उत्तर नंतर येतं त्या कामांवर, अडलीस म्हणालीस. मलाही ते अवघड गेलं, पण तीन ओळी लिहून बघ. पहिली १ छापते, दुसरी सेटटाइमआउटमध्ये (किती वेळानं करायचं ते सांगतात तिथं) शून्य देऊन २ छापते, तिसरी ३. येतं १, ३, २. शून्य दिलं तरी हातातलं काम संपल्याशिवाय रांगेतल्याला आत घेत नाहीत. एवढं पटलं की मग अवेटकडे, म्हणजे उत्तराची वाट बघायला सांगणाऱ्या शब्दाकडे जा.

लहानपणी सीबीटी बसस्टँडवर प्रत्येक बसची कन्नड पाटी तू मोठ्यानं वाचायचीस. निम्मी चुकायची. कंडक्टर हसून बरोबर सांगायचे, तू परत वाचायचीस, आणि आजी तुझा हात ओढायची, "काय करालीस गं, बस जाईल की!" शाळेत कन्नडचा पेपर आला तेव्हा तुला अक्षरं शिकवावी लागली नाहीत. तेव्हा चुकायला तुला लाज नव्हती. आता वर्गात हात वर करत नाहीस, आणि मग रात्री एकटीच डोकं फोडत बसतेस. तिथं मला भीती वाटते. शॉपमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी पोरगी वेबसाइट बनवते. भिशीचं पान मोबाइलवर दाखवतो. तुझ्यावर ओझं टाकायला नाही सांगत, मला दाखवल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी डबा खातेस ना? शेजारच्या काकू रविवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर कुंदा आणि थालीपिठाची भाजणी पाठवतोय.

एक काम आहे. भिशीच्या पानावर महिना एक मागचा दिसतो. आई म्हणते पान बिघडलं. मी शोधलं, महिना काढणारं गेटमंथ जानेवारीला ० धरतं, एक मिळवायचा राहिलाय. मी दुरुस्त करू शकलो असतो, पण पान तुझं आहे. पुढची भिशी पाच तारखेला, त्याआधी करून पाठव. शनिवारी दुपारी कर. रात्री नको.

तुझे,
बाबा