कांदा आमच्याकडे आहे, अ‍ॅसिटोकार्माइन नाही

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आपण याच जिल्ह्यातले, त्यामुळे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मला सांगायचं आहे ते प्रयोगशाळेच्या कपाटाबद्दल.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये सूत्री विभाजन आहे, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी कशा होतात ते. त्याचा प्रयोग कांद्याच्या मुळांवर होतो. कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवलं की तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. त्यांची टोकं कापायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात हलकेच गरम करायची, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवायची आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पसरायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसतात. एकदा एका मुलीने ती पाहिली आणि डोळा न काढताच म्हणाली, "सर, हे आता वाटणी करतायत." त्या एका वाक्यासाठी मी शिक्षक झालो असं मला वाटतं.

लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांद्याला तोटा नाही. आमच्याकडे संपलं होतं अ‍ॅसिटोकार्माइन. पुढच्या वर्षीही बाटली आली नाही, आणि त्या वर्षीच्या मुलांनी गुणसूत्रं पुस्तकातल्या चित्रातच पाहिली.

साहेब, अडचण इथेच आहे. शाळांना वस्तू मिळतात, पण त्या वस्तू चालवायला लागणारं, वापरून संपणारं साहित्य दरवर्षी मिळत नाही. सूक्ष्मदर्शक एकदा येतो. रंगद्रव्य, कव्हर स्लिप, लिटमस, मॅग्नेशियमची फीत, बॅटरीचे सेल, बल्ब दर जूनला लागतात. वेतनेतर अनुदान मिळेल तेव्हा त्यातून आधी वीजबिल, मग छपराची गळती. प्रयोगशाळेपर्यंत काही उरत नाही. सूक्ष्मदर्शकही आमच्या पावसात टिकत नाही. भिंगांना बुरशी धरते, आणि ती साफ करणारा माणूस गाठायला नाशिक शहर गाठावं लागतं.

विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे. ते शाळाच देते. न केलेल्या प्रयोगांची निरीक्षणं मुलं गाईडमधून उतरवून काढतात आणि आम्ही त्याखाली सही करतो. मीही केली आहे. विज्ञानाच्या वहीत न पाहिलेलं "दिसले" असं लिहायला लावणं माझ्या मनाला लागतं.

जे गावात मिळतं त्यावर आम्ही भागवतोच. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याने मामाच्या बागेतून चिमूटभर मोरचूद आणलं. त्याच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला, निळा रंग फिका पडत गेला, खिळ्यावर तांबूस थर चढला. एक धातू दुसऱ्याची जागा घेतो ती विस्थापन अभिक्रिया त्या वर्गाला फळ्यावर समजावावी लागली नाही. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, तोही दाखवतो. पण बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर हळदीने काढता येत नाही.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड चांगले आहेत, फक्त आमच्या पाड्यांवर रेंज टिकत नाही. तीच सामग्री पेनड्राइव्हवर द्या. आणि ती सोप्या मराठीत असू द्या. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला 'अपवर्तन' (प्रकाशाचं वाकणं) हा शब्द आधीच परका. त्यावर इंग्रजी व्हिडिओ लावला तर तो फक्त चित्रं पाहत बसतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, १९८९ पासून दूरशिक्षण देतं. प्रयोग कसा मांडायचा, कुठे फसतो, हे शिक्षकांना दाखवणाऱ्या छोट्या मराठी चित्रफिती त्यांच्याकडून करून घेता येतील.

पण आधी पैसे. नववी-दहावीच्या पटावर, दर विद्यार्थ्यामागे, फक्त वापरून संपणाऱ्या प्रयोगसाहित्यासाठी अनुदानात वेगळं लेखाशीर्ष द्या. ते दुसरीकडे वळवता येऊ नये, आणि खरेदीचा अधिकार मुख्याध्यापक व विज्ञान शिक्षकाकडे असावा. वरून एकसारखी पेटी पाठवू नका. आमच्याकडे कुणाला सेल हवेत, कुणाला आम्ल. हिशेब तपासा, हवं तर प्रत्येक बाटलीची पावती मागा, आम्ही देऊ. त्याबरोबर तालुक्याला एक दुरुस्ती करणारा द्या, आणि जिथे प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाल्यावर जागा रिकामी राहिली आहे तिथे ती भरा. साठ मुलं, आम्लाच्या बाटल्या आणि एकटा शिक्षक, हे धोक्याचं आहे.

सूत्री विभाजनाचा पाठ भाग २ मध्ये दुसराच येतो. हा निर्णय मे महिन्यात झाला, तर शाळा उघडल्यावर पहिल्याच पंधरवड्यात मी कांदे पाण्यावर ठेवू शकेन.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, नाशिक जिल्हा