मंत्रीमहोदय, पैसा दिल्ली देईल, वेळ तुम्ही द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

साक्री तालुक्यातला एक बाप अकरा वर्षांच्या पोराला घेऊन ओपीडीत आला होता. पोराला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. हातपाय ठणकण्याचा त्या वर्षातला हा चौथा झटका. माझ्या हातात सुई बघून बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तीनदा रगत दिधं, रिपोर्ट कव्हय भेटई?" आधीचं रक्त आम्ही उपचारासाठी नाही, एका अभ्यासासाठी घेतलं होतं. रिपोर्ट मिळणारच नव्हता, कारण अभ्यास बंद पडला होता. मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. त्याला जे सांगता आलं नाही, ते आपल्याला लिहितो आहे.

अभ्यास पैशाअभावी बंद पडला नाही. अनुदान मंजूर होतं, पहिला हप्ताही आला होता. पण मुख्य संशोधक असलेल्या सरांची बदली झाली. खात्यावर सही त्यांची आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात. सही बदलण्याचं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत ३१ मार्च उलटला. प्रकल्प सहायक पोरगा पाच महिने बिनपगारी राबला आणि शेवटी पुण्याला एका कंपनीत लागला. नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये होते. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५च्या घरात असतो. त्यात दीड दिवस वीज गेली, आणि जनरेटरची लाइन त्या खोलीपर्यंत कोणी ओढलेलीच नव्हती. कॉलेजचं नाव घेत नाही. या गोष्टीतली माणसं वाईट नव्हती.

प्रश्न काय होता तेही सांगतो. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा कमी मात्रेत, मुलांचे झटके कमी झालेले दिसले. भारतातल्या रुग्णांमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुष्कळदा जास्त टिकून राहतं, म्हणून आजाराचं रूपही वेगळं दिसतं. मग आमच्या भिल्ल, पावरा, मावची मुलांना किती मात्रा पुरेल? अर्धपोटी, आधीच रक्त कमी असलेल्या मुलाला ती सोसेल का? धडगावहून दर महिन्याला रक्त तपासायला कोण येणार, मग तपासणीचं वेळापत्रक कसं बसवायचं? ही उत्तरं नागपूर किंवा मुंबईत बसून मिळत नाहीत. खाटेजवळ पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा आणि तिथलं उत्तर पुन्हा खाटेपर्यंत आणायचं, याला ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र एसटीच्या वेळापत्रकाशी बांधलेलं.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. २०२३च्या १ जुलैला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे. तपासणीच्या निकालाची कार्डं वाटली जातात, ते चांगलंच आहे. पण कार्ड हातात पडल्यावर पुढं काय, हे शोधणारा माणूस कोण? विदर्भात चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं संशोधन केंद्र २०२२मध्ये सुरू झालं. विदर्भाला मिळालं म्हणून पोटात दुखत नाही. सातपुड्याच्या अलीकडं, आमच्या खानदेशातही तोच आजार आहे, एवढंच म्हणतो.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो. कोर्स उत्तम आहे. पण अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे याचं सूत्र शिकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जातो, रात्री कॅज्युअल्टीत उभा राहतो, आणि थिसिसचा आकडा शेवटी कुठल्यातरी जुन्या थिसिसमधून उचलतो. आम्ही शिक्षकही काही वेगळे नाही. बढतीला पेपर लागतात, म्हणून पेपर होतात. पैसे मोजून छापणारी जर्नल्स कोणती, हे आमच्या कॉमनरूममध्ये सगळ्यांना पाठ आहे.

पैशाचे दरवाजे आहेत. आयसीएमआरची अनुदानं आहेत, संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या डॉक्टरांसाठीच्या फेलोशिप आहेत, केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट जाहीर झालं आहे. त्या दरवाजापर्यंत जायला मोकळा दिवस लागतो, आणि तो आमच्याकडं नाही. अमेरिकेत तरुण डॉक्टरला संशोधक घडवण्याचं अनुदान देताना साधारण अट असते की त्याचा किमान ७५ टक्के वेळ संशोधन आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी राखलेला असावा, आणि ती हमी त्याच्या संस्थेला द्यावी लागते. मी ७५ टक्के मागत नाही. आठवड्यातला एक दिवस मागतो.

कोणी म्हणेल, डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय मागितलं होतं? कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघत त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, १९८६मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि विंचवानं मरणारी माणसं वाचू लागली. खरं आहे. पण असा हट्टी माणूस दर जिल्ह्याला निपजेल या भरवशावर खातं चालवता येत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत साप चावतात, त्यावर आमच्याकडं कोणी बावस्कर झाला नाही. झाला असता तर कदाचित त्याचीही बदली झाली असती.

म्हणून जे आपल्या हातात आहे, तेवढंच मागतो. ज्याच्या नावावर मंजूर प्रकल्प आहे, त्याची बदली प्रकल्प संपेपर्यंत थांबवा. नाहीच थांबवता आली, तर सहसंशोधकाला त्याच दिवशी सहीचा अधिकार द्या. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन शासकीय महाविद्यालयांत मिळून एक संख्याशास्त्रज्ञ आणि हिशेब सांभाळणारा एक माणूस नेमा. प्रयोगशाळेच्या कामात जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचे जीवशास्त्राचे लोक जोडून घेता येतील. आजवर आम्ही एकमेकांना फक्त समारंभात भेटलो. रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी नीतिसमिती (एथिक्स कमिटी) मात्र तिन्ही महाविद्यालयांची वेगवेगळीच लागेल. २०१९च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीला त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली समिती हवी, आणि धुळ्याहून जळगाव व नंदुरबार दोन्ही त्यापलीकडं आहेत. समितीत किमान सात सदस्य आणि त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे लागतात. बाहेरच्या वकिलाला, शिक्षकाला चहावर किती दिवस बोलवायचं? त्यांच्या प्रवासाचा आणि मानधनाचा खर्च धरा, आणि समितीला एक कारकून द्या.

आणि जनरेटरची लाइन. तेवढी तर या महिन्यातही ओढता येईल.

सर्वसाधारण बदल्यांचे आदेश एप्रिल-मे मध्ये निघतात, म्हणून हे पत्र त्याआधी पाठवतो आहे. साक्रीचा तो मुलगा पुढच्या तपासणीला येणार आहे. या वेळी मी रक्त घेतलं, तर ते फक्त त्याच्या उपचारासाठी असेल.

आपला विश्वासू,
मेडिसिन विभागातला एक सहयोगी प्राध्यापक,
खानदेश