फाया, ज्वालामुखीत खरंच अडकला होतात का?

फाया,

तुम्ही शाळेतल्या समुपदेशक; मुलं तुम्हाला याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते. इथल्या, न्यूझीलंडच्या माओरी भाषेत त्याचा अर्थ आई, मावशी असा होतो, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. ‘थँक यू’ तर मी दुकानात बिस्किटाचा पुडा घेतानाही म्हणते. ते इथे पुरायचं नाही. शिवाय ऑकलंडमधल्या आणि तिकडे सांगलीतल्या दोन-चार आयांनी हे वाचावं असंही वाटतं.

त्या जुलैत, इथल्या ऐन थंडीत, माझा पंधरा वर्षांचा मुलगा अंथरुणातून उठेनासा झाला. आंघोळ नाही, बोलणं नाही, दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच परत. आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी घड्याळाकडे बघत ‘हे वयच असं असतं’ म्हटलं. पुढच्या ठिकाणाहून प्रतीक्षायादीचं पत्र आलं. मोठं आदबशीर पत्र, त्यात तारीख तेवढी नव्हती. ओळखीतल्या एका काकांनी सूर्यनमस्कार सुचवले. सासूबाईंनी फोनवरून दृष्ट काढली. (त्यांचा राग नाही, त्यांनी निदान काहीतरी केलं.) आणि मी? ‘तुला कमी काय आहे?’ हे दिवसातून चारदा विचारत राहिले.

तुम्ही स्पार्क्सचं, म्हणजे मुलांच्या नैराश्यावर बनवलेल्या कॉम्प्युटर गेमचं, नाव काढलंत तेव्हा माझा आवाज चढला होता. दिवसभर स्क्रीनला चिकटलेल्या पोराला औषध म्हणून आणखी एक गेम? तुम्ही शांतपणे सांगितलंत, की हा इथल्याच ऑकलंड विद्यापीठात सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलाय. 187 मुलांवर त्याची चाचणी झाली, ती 2012 साली छापून आली, आणि नेहमीच्या समुपदेशनापेक्षा तो कमी पडला नाही. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र यंत्रावर सोडून चालत नाही, हेही सांगितलंत. तो प्रश्न तुम्ही त्याला आधीच सरळ शब्दांत विचारला होता. आम्हा घरच्यांची जीभच रेटली नव्हती.

सात पातळ्या. गुहा, बर्फ, ज्वालामुखी, डोंगर, दलदल असं करत पुढे जायचं. अंगावर चिलटं येतात, ‘तू बिनकामाचा आहेस’ असलं काहीबाही बोलतात, त्यांना उडवायचं. ‘आई, ती माझंच बोलणं बोलतात,’ तो मला म्हणाला. बर्फाच्या पातळीनंतर रोज काहीतरी हातपाय हलवायचं काम करायचं होतं. बुधवारी सकाळी बघते तर कचऱ्याची पेटी रस्त्याच्या कडेला नेऊन लावलेली. कधी उठला, कधी ओढत नेली, कळलंही नाही. त्या हिरव्या पेटीकडे बघत मी सिंकपाशी उभी राहून रडले.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. एका दुपारी तो हूड ओढून तुमच्या खोलीत बसला होता आणि तुम्ही तुमचा लॅपटॉप त्याच्याकडे वळवलात. पडद्यावर तुमचं स्वतःचं पात्र. म्हणालात, ‘मी ज्वालामुखीत अडकलेय. तू कसा पार केलास?’

काय होतंय, का होतंय, हे त्याला सगळेच विचारत होते. त्याच्याकडे मदत कुणी मागितली नव्हती. त्यानं खुर्ची पुढे ओढली म्हणे, आणि तास संपेपर्यंत शिकवत बसला. घरी येऊन दप्तरही न टाकता म्हणाला, ‘फायाला गेम अजिबात जमत नाही.’ आणि हसला. किती महिन्यांनी!

मोठमोठ्या पाट्यांच्या दारांतून हिंडलो आणि माणूस भेटलं ते सायकली लावायच्या जागेशेजारच्या छोट्या खोलीत. पाडव्याला मी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला, तो तुम्ही तुमच्या झाडाची फिजोआ नावाची फळं भरून परत केलात. डबा रिकामा परत करू नये, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आमच्याकडे ते आज्या शिकवतात.

अजून त्याचे वाईट दिवस येतात. गेमनं सगळं धुऊन नेलं असं नाही, आणि दर गुरुवारी तो तुमच्याकडे येतोच. एक मात्र मला विचारायचंय. त्या ज्वालामुखीत तुम्ही खरंच अडकला होतात का? तो छातीठोकपणे हो म्हणतो. मला शंका आहे, पण त्याला सांगू नका.

तुमची,
त्याची आई