टॉवर टूरचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सॅलिसबरी कॅथेड्रलच्या सहलीतील गैरसोयीबद्दल तक्रार

महोदय,

मे महिन्यात मी आणि सौ. तुमच्या लंडन-सॅलिसबरी सहलीला आलो होतो. सॅलिसबरीत एक मुक्काम, 'कॅथेड्रल निवांत पाहणे' आणि 'टॉवर टूर समाविष्ट' असं छापील कार्यक्रमात आहे. प्रत सोबत जोडली आहे.

प्रत्यक्षात रविवारी सकाळीच बस दारात. आत प्रार्थना चालू, पर्यटकांना प्रवेश नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते हे आम्हाला साताऱ्यात बसून कळतं, तुमच्या ऑफिसला कळू नये? दुपारी आत सोडलं, तर तुमच्या टूर मॅनेजरने ४० मिनिटं दिली, कारण पुढे स्टोनहेंज. टॉवर टूरचं तर बुकिंगच केलेलं नव्हतं. मनोऱ्याच्या ३३२ पायऱ्या ४० मिनिटांत चढवून-उतरवून आणणार होतात का?

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. हे कॅथेड्रल पाहायचं म्हणूनच मी ही सहल निवडली होती. मुख्य इमारत १२५८ पर्यंत उभी राहिली, त्यावर पुढच्या शतकात मनोरा आणि शिखर चढवलं. उंची १२३ मीटर आणि पाया जेमतेम ४ फूट! वरच्या सुमारे ६,५०० टनांच्या ओझ्याने मधले खांब वाकले आहेत. खांबाला लागून उभं राहून वर पाहिलं की वाक साध्या डोळ्यांना दिसतो. मान वर करून तो पाहत होतो, तेवढ्यात मागून हाक: "चला काका, बस सुटेल."

तिथे १३८६ च्या सुमाराचं लोखंडी घड्याळ आहे. सौ.ने तबकडी कुठे विचारलं, तर "दुरुस्तीला गेली असेल" असं उत्तर मिळालं. अहो, त्याला तबकडीच नाही, ते नुसते तासाचे टोले द्यायचं! "मॅग्ना कार्टा लंडनला असतो" म्हणून चॅप्टर हाउस, म्हणजे कॅथेड्रलचं जुनं सभागृहही गाळलं. राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणाऱ्या या सनदेच्या १२१५ च्या उरलेल्या चार प्रतींपैकी दोन लंडनला आहेत हे खरं, पण एक त्याच चॅप्टर हाउसमध्ये आहे. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला माहिती देऊन पाठवणं तुमचं काम होतं.

दोघांच्या टॉवर टूरची रक्कम १५ दिवसांत खात्यावर जमा करावी आणि कार्यक्रमातून 'निवांत' हा शब्द काढावा. रक्कम न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, सातारा