जुन्या स्पोर्ट्स कारवरचा पहिला खर्च : एका जाणकार काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार विनंती विशेष.

आपल्या मार्गदर्शनाबद्दल भेटून आभार मानले असते तरी चालले असते. परंतु जुनी स्पोर्ट्स कार हाती आल्यावर पहिला पैसा कशावर घालावा, हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आपण त्याचे जे उत्तर मला दिलेत ते आणखी चारचौघांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

गाडी आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे आलेल्या माझदा एमएक्स-५ ची ही पहिली पिढी, सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची. नवी असताना हे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देत असे आणि गाडीचे वजन एक हजार किलोच्या आत होते. एक्झॉस्ट, स्प्रिंगा आणि टर्बो यांपैकी आधी काय घ्यावे, असे मी आपणांस विचारले होते. आपण तिन्हींपैकी एकाचेही नाव घेतले नाहीत. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि वाल्व यांच्या हालचालींची सांगड राखणारा पट्टा, शेवटचा कधी बदलला, ब्रेक ऑइल किती जुने आहे, रेडिएटरच्या वरच्या टाकीचा रंग कोणता आहे आणि टायरवर कोणते साल छापले आहे, असे चार प्रश्न आपण मला विचारलेत. त्या चार प्रश्नांतच पुढच्या सगळ्या कामाचा क्रम होता, हे मला काम सुरू झाल्यावर उमगले.

कोणताही नवा भाग विकत घेण्याआधी गाडीची आजची अवस्था लिहून काढावी, हा आपला पहिला आग्रह होता. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत निर्माण करतो तो दाब, मोजताना एकेका आकड्यापेक्षा त्या आकड्यांमधील फरक अधिक सांगून जातो, हे आपण समजावलेत. कारण गेज थोडे कमीजास्त दाखवू शकते, पण एकच सिलिंडर इतरांहून बराच मागे असेल तर ते गेजचे काम नव्हे. थंड इंजिनाच्या टकटक आवाजाने मी धास्तावले होते, तेव्हा या पिढीच्या इंजिनात वाल्वची फट तेलाच्या दाबावर आपोआप राखली जाते, जुन्या किंवा अयोग्य जाडीच्या तेलात ती यंत्रणा आवाज करते आणि योग्य तेल घातल्यावर बहुधा शांत होते, असे सांगून आपण मला निष्कारण इंजिनाचे हेड, म्हणजे वाल्व असलेला वरचा भाग, उघडण्यापासून वाचवलेत.

सर्वांत मोठे ऋण तेलगळतीच्या बाबतीतले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून तेल टपकत होते, आणि एका कार्यशाळेने क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, मागचे सील गेले असे निदान करून गिअरबॉक्स उतरवण्याचा अंदाजखर्च हाती दिला होता. आपण गाडीखाली न जाता आधी बॉनेट उघडलेत. या इंजिनात कॅमची, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या दांड्याची, स्थिती सांगणारा सेन्सर हेडच्या अगदी मागच्या टोकाला, चालकापुढच्या पत्र्याच्या भिंतीला खेटून बसलेला असतो. त्याच्याभोवतीची रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, तिथून झिरपणारे तेल हेडच्या मागून खाली उतरते आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन थेंब धरते. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचेच तेल वाटते. आपण मला इंजिनाची मागची बाजू स्वच्छ धुऊन, गाडी थोडी चालवून, तेलाचा सर्वांत वरचा ओला ठिपका शोधायला लावलेत. तो सेन्सरपाशीच सापडला. बोटाएवढी एक रबरी कडी बदलली आणि गळती थांबली. तेल नेहमी खाली वाहते, म्हणून गळतीचे मूळ नेहमी वर शोधावे, ही आपली शिकवण मी त्यानंतर कूलंटच्या एका ओल्या डागालाही लावून पाहिली आणि ती तिथेही खरी ठरली.

टायमिंग बेल्टच्या कामात आपण दाखवलेली काटेकोर दृष्टी मला विशेष आवडली. सुमारे ९६,००० किलोमीटरांनी हा बेल्ट बदलावा असे निर्मात्याचे सांगणे आहे, आणि या इंजिनात तो तुटला तरी पिस्टन व वाल्व एकमेकांवर आदळत नाहीत. म्हणून अनेकजण तो बदलणे पुढे ढकलतात. आपला मुद्दा वेगळा होता. पाण्याचा पंप बाहेरच्या बेल्टवर फिरत असला तरी तो उतरवायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, तेव्हा पंप, कॅमची व क्रँकची पुढची सील, टेन्शनर आणि कूलंटचे होज पाइप हे सारे एकाच उघडझाकीत उरकावे, म्हणजे तीच मजुरी पुन्हा भरावी लागत नाही. आणि त्याच वेळी क्रँकच्या पुढच्या टोकाची परीक्षा करावी. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत, म्हणजे साधारण १९९१ पर्यंत, क्रँकचे हे टोक आखूड होते आणि पुढे ते लांब व अधिक भक्कम केले गेले. आखूड टोकाच्या इंजिनात पुलीचा मधला बोल्ट योग्य टॉर्कने आवळला गेला नाही, तर पुलीला क्रँकवर जागच्या जागी धरणारी धातूची छोटी चावी आणि तिची खाच हळूहळू झिजतात, पुली डुलू लागते, टायमिंग सरकते आणि शेवटी क्रँकच निकामी होतो. पुलीवर चार खाचा असल्या तर बहुधा आखूड टोक आणि आठ असल्या तर लांब, ही खूण आपण मला टॉर्चच्या उजेडात दाखवलीत. माझ्या पुलीवर चार निघाल्या. चावी आणि खाच शाबूत आहेत हे डोळ्यांनी पाहून, नवा बोल्ट घालून, टॉर्क पान्याने तो आवळला जाईपर्यंत आपण स्वतः उभे राहिलात. टर्बोसाठी राखून ठेवलेले पैसे ज्या इंजिनावर घालायचे, त्याचा क्रँक धड आहे की नाही हे त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारलेही नव्हते.

रेडिएटरबाबत आपण फार बोलला नाहीत, पण बोललात ते पुरेसे होते. वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते, म्हातारी झाली की हिरवट-तपकिरी होते आणि मग एखाद्या दिवशी फुटते. तेव्हा रंग बदलला की रेडिएटर बदलावा, टोपी आणि थर्मोस्टॅटही त्याबरोबरच नवे घ्यावेत. मूळचे हे इंजिन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी आडवे बसवले जात असे. एमएक्स-५ मध्ये ते उभे बसवताना पाणी आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची दोन्ही तोंडे पुढच्या बाजूला आली, त्यामुळे मागच्या सिलिंडरांना थंडावा तुलनेने कमी मिळतो. यावर पाण्याचा मार्ग बदलण्याचा उपाय आहे, परंतु तो शर्यतीच्या मार्गावर दीर्घकाळ गाडी पिटाळणाऱ्यांसाठी. रस्त्यावर चालवणाऱ्याला धड रेडिएटर पुरतो, असा निर्वाळा आपण दिलात आणि एक मोठा खर्च यादीतून खोडलात.

त्यानंतर ब्रेक आणि टायर. वेग वाढवणाऱ्या भागांआधी थांबवणारे भाग, हा क्रम आपण कधीच ढळू दिला नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि तिच्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, हे मी ऐकून होते. पण डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या तेलासाठी किमान २३० अंश सेल्सिअस ही अट असते आणि ओल धरलेल्या तेलासाठी तीच १५५ पर्यंत उतरते, हे आकडे समोर ठेवलेत तेव्हा घाटात उतरताना मऊ पडणाऱ्या पेडलचे कारण लख्ख दिसले. मोठ्या डिस्कचा विषय मी काढला, तर आपण मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून दाखवल्यात. त्यांवरचे ग्रीस वाळून गेले होते आणि एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा निम्मा उरला होता. पिना साफ करून नवे ग्रीस, नवे रबरी ब्रेक पाइप, ताजे तेल आणि रस्त्यासाठीचे चांगले पॅड एवढ्यावर मूळच्याच डिस्क समाधानकारक काम करू लागल्या. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, म्हणून ते रोजच्या गाडीला घालू नयेत, हेही आपण बजावलेत. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूवरच्या चार आकड्यांतून आठवडा आणि साल वाचायला आपण शिकवल्यावर ते रबर केव्हाच वयात संपले होते हे कळले. गाडीच्या वागण्यात सर्वांत मोठा बदल नव्या टायरांनी घडवला. इतर कोणत्याही एका भागाने तेवढा घडवला नाही.

सस्पेन्शनबाबत आपले मत ठाम होते आणि मला ते आज पूर्णपणे पटते. या गाडीत चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरखालचे दोन बाहू, आहेत आणि पुढच्याप्रमाणे मागच्या चाकांचेही कोन एक्सेंट्रिक (फिरवले की बाहू सरकवणाऱ्या) बोल्टांनी जुळवता येतात, हे त्या काळच्या या आकाराच्या गाडीचे मोठे वैभव आहे. परंतु या बाहूंच्या सांध्यांतले रबरी बुश कडक होऊन फाटले आणि ते बोल्ट गंजून बुशांत अडकले की हे वैभव कागदावरच उरते. म्हणून आधी बुश, मग बोल्ट मोकळे करून चारही चाकांचे अलाइनमेंट, आणि त्यानंतरच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा मला दिसायला फार आवडतात, हे मी लपवले नव्हते. आपण ती आवड मोडीत काढली नाहीत. या गाडीत चाकाला वर जायला मुळातच जागा थोडी आहे, नुसत्या आखूड स्प्रिंगा घातल्या तर गाडी बंप स्टॉपवरच, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवरच, बसून राहते आणि वळणात खड्डा आला की चाक उडते, एवढे कारण सांगून निर्णय माझ्यावर सोपवलात. मी स्प्रिंगा घेतल्या नाहीत.

ताकद वाढवणारे म्हणता येईल असे एकच काम आपण लगेच करू दिलेत, आणि त्याला एकही भाग विकत घ्यावा लागला नाही. इंजिनाचे प्रज्वलन मुळात १० अंश आगाऊ ठेवलेले असते, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायला क्रँकचे तेवढे फिरणे बाकी असतानाच ठिणगी पडते. डायग्नोस्टिक पेटीतील टीईएन आणि जीएनडी ही टोके तारेने जोडून, टायमिंग लाइटच्या प्रकाशात तोच मागचा सेन्सर किंचित फिरवून आपण ते १४ अंशांवर आणलेत, आणि यापुढे अधिक ऑक्टेनचेच पेट्रोल भरायचे, चढावर इंजिनात अवेळी पेटणाऱ्या इंधनाचे ठोके ऐकू आले तर लगेच परत मागे आणायचे, ही अटही घातलीत. खालच्या वेगात गाडी आता अधिक तत्पर आहे. टर्बोचा विचार आपण निषिद्ध ठरवला नाहीत. मात्र त्याबरोबर इंधन व प्रज्वलनाचे नियंत्रण, क्लच आणि १.६ मॉडेलचे लहान, नाजूक डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) हे सारे हिशेबात धरावे लागते, तेव्हा आधी एक संपूर्ण वर्ष ही गाडी आहे तशी चालवावी, असे सुचवलेत. ती सूचना मी पाळत आहे.

आपण माझ्याकडून वेळेचा मोबदला घेतला नाहीत, आणि त्याहून मोलाचे म्हणजे प्रत्येक कामाचे कारण सांगितल्याशिवाय ते करू दिले नाहीत. त्या वेळेबद्दल आणि त्या धीराबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

सध्या दोन कामे बाकी आहेत. छताचे पाणी वाहून नेणाऱ्या, आसनांमागच्या नळ्या पावसाआधी साफ करायच्या आहेत, कारण त्या तुंबल्या की पाणी मागच्या चाकांपुढच्या पत्र्यात मुरते असे आपण सांगितले होते. ते मी स्वतः करीन. दुसरे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या निवडीचे. दोन संच नजरेत आहेत. त्यांची माहिती सोबत पाठवीत आहे; सवडीने नजर घालून कोणता घ्यावा ते कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक एमएक्स-५ चालक